फेरीबोट चार वेळा

शनिवारच्या पाळीत, पत्ते पिसता पिसता,
मी सोमवार मनातल्या मनात वाटून टाकला.
नऊ वाजता कांपालचं बालोद्यान, ऊन चढायच्या आत.
साडेदहाला बन आणि पातळभाजी.
अकराला चर्चच्या पायऱ्या मोजायच्या.
स्वरांगला शंभरपर्यंत येतं,
मिहिकाला एकोणतीसपर्यंत,
त्यापुढे ती पुन्हा एकोणतीसच म्हणते.
मग वाचनालय, तिथला गार वारा, चित्रांची पुस्तकं.
चारला मिरामारची वाळू.
साडेसहाची साखळीची बस.

पहाटे हे सगळं लिहिलं
गिऱ्हाइकं आकडे टिपतात त्या कार्डाच्या मागे.
प्रणिताने वाचलं, पिशवीत दोन जादा चड्ड्या कोंबल्या
आणि म्हणाली, एवढं होणार नाही.
एक गोष्ट तिला दिसली, पण ती बोलली नाही:
कांपालला जायचा माझा रस्ता
गावातून वळसा घालून जात होता.
नदीकाठ त्यात नव्हता.

सोमवारी बसस्टँडवरच पाऊण तास गेला.
वजनाचं यंत्र. लाल दिवे, हिरवे दिवे, फिरणारी चकती.
स्वरांग सतरा किलो.
मिहिका तेरा.
दोघं मिळून तीस.
पिशवीसकट तेहतीस.
मग मिहिकाची चप्पल हातात घेऊन किती?
मागे रांग लागली. एक मासळीवाली म्हणाली,
म्हजें वजन मात मोठ्यान वाचूं नाका हां.

मग मिहिकाला पाणी दिसलं.
मुलांना पाणी दिसल्यावर
वळशाच्या रस्त्याचा काही उपयोग नसतो.

फेरीबोटीची फळी साखळ्या वाजवत खाली आली,
स्कूटर, सायकली, नारळांची एक पोती,
आणि आम्ही तिघं.
चालत चढणाऱ्याला पैसे नाहीत, हे स्वरांगला पटेना.
त्याने मुठीतलं दहाचं नाणं
पलीकडे बेतीला पोचेपर्यंत तयार ठेवलं.
कुणी मागितलं नाही म्हणून परत आलो.
परत आल्यावर परत गेलो.

तिसऱ्या खेपेला मांडवीच्या मध्यावर
ती पांढरी बोट अगदी जवळ आली.
दिवसा ती किती मळकी दिसते!
रंगाचे पोपडे, बंद दिव्यांच्या माळा,
कठड्यावर वाळत टाकलेली कुणाची तरी बनियन.

पप्पा, तुजी खंयची?
ही.
तूं ती चलयता?
ना. ती चालत नाही. उभीच असते.
मागीर तूं कितें करता?
पत्ते वाटतो.
स्वरांगने नाणं या मुठीतून त्या मुठीत घेतलं.
मागीर आमचेकडेन कित्याक खेळना?

इंजिनाचा आवाज मोठा होता.
मला ऐकू आलं नाही असं चाललं असतं.
मिहिका त्या बोटीला हात करत होती,
आणि वरच्या डेकवर झाडू मारणाऱ्या पोराने,
बहुधा आमच्या सलवादोरनेच,
झाडू उंच धरून हलवला.

चौथी खेप झाली.
बालोद्यान राहिलं, वाचनालय राहिलं,
चर्चच्या पायऱ्या लांबून बघितल्या, पांढऱ्या,
मिहिका म्हणाली एकोणतीस.
बन मात्र खाल्ले, पाच.
जादा चड्ड्यांपैकी एक लागली.
दुकानातून तीस रुपयांचा पत्त्यांचा जोड घेतला,
प्लास्टिकचा वास येणारा, कडा कच्च्या.

बसस्टँडच्या बाकावर, साडेसहा वाजायला वेळ होता,
भिकार-सावकार मांडला.
माझे हात सवयीने सुटले,
फर्र फर्र, तीन ढीग,
एकही पत्ता न बघता, चेहरा न हलवता.
मिहिकाने माझं मनगट धरलं.
सवकास, पप्पा.
एक एक दी.

एक स्वरांगला.
एक मिहिकाला.
एक मला, उलटा पडला, बदामची तिरी,
तिने तो सगळ्या बाजूंनी बघितला
आणि मग मला दिला.
साखळीची बस लागली तेव्हा
वाटून अजून अर्धे पण झाले नव्हते.