टकटक

काल रात्री गावाने रस्त्यावरचे दिवे घालवले होते,
तरी पेट्रोलपंपावर एक ट्यूब चुकून राहिली
आणि तिच्याखाली सकाळी घोटाभर पाखरं.
बर्फाचं फावडं घेऊन पोरगा ढीग ओढतोय,
करकर, करकर, जूनमधला बर्फ,
वास मात्र सुकटीचा.

गेझा माझ्या ट्रकमध्ये चढतो.
गळ्याला भोक, त्यावर मार्गितने विणलेला रुमाल.
काचेच्या कारखान्यात एकतीस वर्षं
भट्टीपुढे ओरडून बोलला हा माणूस,
आता अंगठीने बोलतो.
बोटीच्या कडेवर एक टक म्हणजे हळू,
दोन म्हणजे थांब.
तीनचा अर्थ त्याने मला अजून सांगितलेला नाही,
बहुधा शिवी आहे.

धक्क्यावर सगळे वैतागलेले.
वॉलाय तुडुंब जेवलेत म्हणे,
आठ दिवस गळाकडे ढुंकून बघायचे नाहीत.
खरंच आहे.
ईरीच्या गाळात दोन-दोन वर्षं काढून
ही सगळी एकाच संध्याकाळी वर निघतात,
आणि खाली मासा नुसता आ करतो.
बसल्या जागी पंगत वाढली जात असताना
कोण उठेल पितळेच्या पातीमागे धावायला?

गेझा खांदे उडवतो.
भूक नसताना खाणं म्हणजे काय, ते त्याला कोणी शिकवायला नको:
सकाळी नळीतून दोन डबे,
दुपारी दोन.

बावीस फूट पाणी.
यंत्राच्या पडद्यावर तळातून धुकं उठतंय.
धुकं कसलं, तीच ती,
पंख न फुटलेली, वर यायला निघालेली.
टक. मी इंजिन मंदावते.
टक. आणखी मंद.
आता एक बदक आम्हाला मागे टाकून जातं,
मागे वळून बघतंसुद्धा.

गांडूळ तो अर्धंच लावतो, त्यातलंही निम्मं तोडून.
पाती सगळ्यात लहान, सोनेरी, फिरली न फिरली अशी.
हे भुकेसाठी नाहीच.
पोट भरल्यावर हात बडीशेपेकडे जातो ना,
तेवढ्यासाठी.

ऊन उतरतं तशी पाखरं त्याच्यावर बसू लागतात,
टोपीवर, भुवईवर, रुमालावर.
एक तो पंखांना धरून उचलतो,
माझ्या डोळ्यांपुढे आणतो, नखाने दाखवतो:
इथे तोंड असायला हवं होतं.
नाही.
पंख आले की तोंड जातं,
एकच दिवस हाती असतो, त्यात जेवण बसत नाही.
तो हसतो.
हसण्याला आवाज नाही, रुमाल तेवढा हलतो.

मग काठीला जडपणा.
ओढ नाही, हिसका नाही,
ओलं फडकं अडकावं तसं काहीतरी.
टक टक.
मी इंजिन बंद करते आणि तो रीळ फिरवतो,
घाई नसलेल्या माणसासारखा.
पितळी अंग, ताठ काटेरी पर,
कवडीसारखे डोळे,
आणि जबड्याच्या कोपऱ्यातून ओघळलेलं एक पाखरू,
अजून हलतंय.

अंधार पडेतो चार.
धक्क्यावर कोणी काही विचारत नाही,
आमच्या बादलीकडे बघून न बघितल्यासारखं करतात.

मार्गितच्या मोरीत मी पोटं चिरते:
माशाच्या पोटात माशाच माशा,
काळ्या लगद्यात एखादा पंख तसाच, आरपार दिसणारा.
ती तुकड्यांना पीठ लावते, पाप्रिका लावते,
कढई तापते.
खिडकीची काच बाहेरून पाखरांनी भरलेली,
सगळी आत बघत असल्यासारखी.

गेझा दाराशी उभा आहे.
वास त्याला येत नाही आता,
श्वास नाकाकडे जातच नाही.
तो ऐकतोय.
तेल आधी ओरडतं, मग बडबडतं,
मग पुटपुटतं,

आणि चौकटीवर अंगठी वाजते,
दोनदा.

मार्गित मागे न बघता
झारा खाली घालते.