एक फ्रेम जास्त

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर, टेबलाखाली
दोन यंत्रं आहेत माझी, चित्रं दळणारी.
एक मदरबोर्डातच जन्मलेलं, गप्प, कमी खाणारं.
दुसरं द्वारकेजवळच्या बंद पडलेल्या गेमिंग कॅफेतलं,
साडेसात हजारांत, पंख्यात कुणाच्या तरी सिगारेटची राख.

वीज जाऊन आली की त्यांचे नंबर बदलतात.
कालचा एकशे अठ्ठावीस आज एकशे एकोणतीस.
कर्नलला नावं कळत नाहीत,
आधी कोण जागं झालं एवढंच कळतं.
म्हणून हुकूम लिहिताना नंबर सांगणं सोडलं मी,
स्लॉटचा पत्ता देते:
या फाट्यावरून आत, तिसरं घर, तिथेच हाक मार.

निरभवणे काकांनी कॅसेट आणली
मेडिकलच्या पिशवीत गुंडाळून.
त्र्याण्णवची रंगपंचमी, जुन्या नाशकातली रहाड,
आणि त्यांचा धाकटा भाऊ दगू, धप्पा मारणारा.
पहिल्या खेपेला सगळं हिरवं निघालं.
रहाड हिरवी, ढोलवाला हिरवा, गच्चीवरच्या बायका हिरव्या.
काका हसले नाहीत.
म्हणाले, ताई, ही आमची नव्हे. आमची गुलाबी.
रंग कार्डात एका क्रमाने भरले होते मी,
मागितले दुसऱ्याच.
ते निस्तरलं.

गुलाबी नीट आली का, म्हणून उडीपाशी थांबवून पाहिलं.
पुन्हा चालू केलं, आणि अडकलं.
पंखा फिरतोय, टक्का हलत नाही,
चूकही दाखवत नाही, नुसतं उभं.
पडद्यावर दगू हवेत,
गुडघे पोटाशी, डोळे मिटलेले,
खाली पाण्याला अजून पत्ता नाही.

रात्री दीडला अण्णा पाणी प्यायला उठले.
छत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये काढलेला माणूस.
कोरा कागदही मोजून घ्यायचा, मोजून द्यायचा;
एक कमी भरला तर भोंगा होऊन गेला तरी
जेवणाचा डबा घेऊन सगळे तिथेच.
कोडमधलं त्यांना काही कळत नाही. विचारलं,
किती घेतले?
वीस. कार्डाच्या पोटात वीसच जागा, अण्णा,
भरायच्या, वापरायच्या, रिकाम्या करून परत.
परत किती आले?
मी पाहिलंच नव्हतं.
मोज, म्हणाले, आणि तांब्या घेऊन गेले.

मोजले. एकोणीस.
विसावी माझ्याच हातात होती,
बघायला म्हणून घेतलेली, बघून झाल्यावर
सोडायची राहिलेली.
आणि एन्कोडर तिच्यासाठी दारात उभा,
हक्काच्या विसाव्या भांड्यासाठी थांबलेल्या वाढप्यासारखा.

एका ओळीचं काम. लिहिली ती ओळ.
चालवणार, तेवढ्यात काका आले, दूध घेऊन परत जाता जाता.
पडद्याकडे बघत उभेच राहिले.
हे थांबलंय का?
अडकलं होतं काका, आता सुटेल.
त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.
एवढा वेळ तो कधी वर नव्हता, म्हणाले.
बाकीचं सोडा पुढं. हा राहू द्या.
दगूचं आणखी काही बोलले नाहीत.
मी विचारलं नाही.

खरं तर फोटो काढून देता आला असता.
दिलाही, कागदावर, आठ बाय दहा.
पण सोडायच्या ओळीत एका फ्रेमला वगळलं,
आणि सुरुवातीला, जिथे कार्डाकडे जागा मागायची,
तिथे विसाचे एकवीस केले.

आता एका खिडकीत तो पडतो,
गुलाबी होऊन वर येतो, नाकातून पाणी, शिव्या देत, हसत.
दुसऱ्या खिडकीत अजून पडायचाय.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, भरले का पुरते?
एक बाहेर आहे, म्हटलं.
नोंद आहे?
आहे.
मग असू दे, म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.