चिकटपट्टीची बांगडी

दारातच उकिडवा बसून
मी तिच्या मनगटाभोवती चिकटपट्टी गुंडाळतो,
उलटी. चिकट बाजू बाहेर.
ही जंगलाची बांगडी, मी सांगतो,
वाटेत जे आवडेल ते हिला लावायचं.
शाल्मली, वय दोन वर्षं सात महिने,
ती आधी माझ्या दाढीला लावते
आणि चार केस उपटून घेते.
सुरुवात चांगली झाली म्हणायची.

मंगळवार. शेफील्डवर नुसतं दमट आभाळ.
मुग्धा रात्रपाळीहून येऊन वर झोपलीय,
तेव्हा बारापर्यंत घरात पाऊल टाकायचं नाही.
पिशवीत लोकरीनं बांधलेल्या दोन पुठ्ठ्याच्या नळ्या,
म्हणजे दुर्बीण.
आणि अंड्यांचा रिकामा ट्रे, सहा खणांचा.
काल रात्री जागून एकेक खण रंगवला:
लाल, पिवळा, तपकिरी, हिरवा, काळा.
सहावा निळा, कारण निळा रंग उरला होता.
ऑक्टोबरात निळं काय सापडणार,
हा विचार रंग वाळल्यावर आला.

रानाच्या तोंडाशीच ती थांबते.
पानांचा खच, गुडघाभर, तिच्या गुडघ्याइतका.
लाल पान दाखवतो. नको.
पिवळं? नको.
तिला खडी हवीय, पार्किंगमधली.
लाल खणात खडी. पिवळ्या खणात खडी.
दुर्बिणीतून ती माझा बूट बघते,
बराच वेळ, गंभीरपणे,
एखादा दुर्मीळ पक्षी असावा तसा.

हे काय?
पान.
हे?
पानच.
हे?
इथल्या झाडांची नावं मला येत नाहीत, बाळा.
तुझं नाव ज्या झाडाचं
तेही मी फक्त एकदाच धड पाहिलंय,
एसटीच्या खिडकीतून, फुललेलं.

मागून एक लंगडं कुत्रं येतं, त्याच्यामागे मॉरीन.
ती वाकते, एक वाळकं बी उचलते,
पंख असलेलं, आणि वर फेकते.
हेलिकॉप्टर, ती म्हणते.
बी गरगरत खाली येतं
आणि माझ्या तोंडून आपसूक निघतं,
भिंगरी!
भिंगली, शाल्मली म्हणते.
भिंगली, मॉरीनही म्हणून बघते, जीभ अडखळवत.
मग पुढची वीस मिनिटं
आम्ही तिघं फेकतोय, कुत्रं भुंकतंय,
खडी कुठे सांडली कुणाला ठाऊक.

परतताना ती खांद्यावर.
माझ्या कानाशी तिची बांगडी घासत राहते:
एक भिंगरी, अर्धं पान,
कुत्र्याचे पांढरे केस, माझे चार,
चिखल,
आणि बसचं तिकीट, जे मला हवं होतं.

साडेबारा.
मुग्धा खाली आलीय, जिन्यावर चहा घेऊन बसलीय,
एक डोळा अजून झोपलेला,
अंगात कालचाच गणवेश.
शाल्मली तिच्या खिशात हात घालते,
पेनाचं निळं टोपण ओढून काढते,
आणि ट्रे शोधायला
चिखलाच्या बुटांनी थेट गालिच्यावर धावते.