पिन कोडचा रकाना

बी.कॉम. पहिलं वर्ष, दुसरा तास, वरच्या मजल्यावरची लॅब.
चपला बाहेर.
आत एसीचा गारठा, तोही सरांच्या टेबलापुरता.
यंत्र क्रमांक चौदा आम्हा दोघींत मिळून:
मी, वडगावची तारिहाळकर,
आणि बैलहोंगलच्या बसनं येणारी सहना मुगळखोड.
माऊस पाळीपाळीनं, पंधरा-पंधरा मिनिटं.
की-बोर्ड मात्र मधोमध वाटून घेतलेला,
डावी अक्षरं तिची, उजवी माझी.
एन्टर जिला आधी सुचेल तिचा.

कुलगोड सर शिकवतात
अर्धं इंग्रजीत, अर्धं कन्नडात,
आणि आम्ही चुकलो की मराठीत:
"आधी सेव्ह करा. मग देवाचं नाव घ्या."

स्प्रेडशीट पहिल्यांदा उघडलं तेव्हा मी हसलेच.
हा कागद मला ठाऊक होता.
नवी साडी मागावर चढायच्या आधी
काका असल्याच चौकोनांत
पेन्सिलीनं टिंबं भरत बसायचे.
एक चौकोन, एक धागा.
काठावरचा मोर ह्यातूनच यायचा.
इथं प्रत्येक चौकोनाला नाव असतं,
बी सात, सी बारा.
काकांच्या चौकोनांना कुणी हाक मारलेली मला आठवत नाही.

दहावं प्रॅक्टिकल: गिऱ्हाइकांची यादी, गाववार बेरीज.
नावं खरी नकोत, खरी वाटतील अशी आणा, सर म्हणाले.
सगळ्यांच्या याद्या एकत्र केल्या
आणि गावाच्या रकान्यात बघते तर
कुणाचं बेळगाव, कुणाचं बेळगावी,
कुणी बसच्या पाटीवरचं कन्नडातलं लिहिलेलं,
ते आमच्या यंत्रावर नुसत्या रिकाम्या डब्या होऊन आलं.
कॅम्पातल्या आफ्रीननं आजोबांच्या पासबुकावरून
इंग्रजी स्पेलिंग जसंच्या तसं उतरवलेलं, शेवटी यू-एम.
यंत्रानं निमूट चार गावं पाडली.
बेरीज चार ठिकाणी सांडली.

"टोटल लागंना झालंय की ओ सर."

सरांनी चष्मा कपाळावर चढवला.
"यंत्राला गाव कळत नाही. अक्षरं कळतात.
एका गावाचं नाव एकच पाहिजे. कुठलं, ते..."
आणि थांबले.
फाइंड अँड रिप्लेसची खिडकी उघडी.
वरच्या चौकटीत कर्सर लुकलुकतोय, खालची रिकामी.
मागं जोतिबा खाकरला.
लॅबचा पंखा एवढा वाजतो
हे मला त्या दिवशी कळलं.

माऊस सहनाकडं होता.
तिनं खिडकी मिटली,
गावाच्या शेजारी एक नवा रकाना घुसवला
आणि मला कोपर मारलं.
पी, आय, एन.
तिन्ही अक्षरं माझ्या बाजूची निघाली.
"तुमच्या वडगावचा किती गे?"
मी सांगितला. आफ्रीननं सांगितला.
जोतिबानं उभं राहून, शाळेत पाढा म्हणतात तसा.
पाच नऊ शून्यवाले सगळे
एकाखाली एक येऊन बसले,
नावं आपापलीच ठेवून.
बैलहोंगल पाच नऊ एकवर, जरा खाली.
"आमची बस नेहमीच लेट," सहना म्हणाली.

एक लाख सव्वीस हजार चारशे.
खोटी गिऱ्हाइकं, खोटे पैसे,
तरी सरांनी वहीत दोनदा ताळा केला.
शेरा काही दिला नाही. नुसतं "हं."

तेवढ्यात लाइट गेली.
यूपीएस टिटवीगत ओरडायला लागला,
सगळी लॅब एकदम खुर्च्यांवर पुढं सरकली.
कंट्रोल तिचा, एस तिचाच,
एन्टर मला आधी सुचला.

फायलीला नाव द्यायचं राहूनच गेलं.
दुसऱ्या दिवशी शोधली तर होती,
यंत्रानं आपल्या मनानं ठेवलेली: बुक वन.
सहनानं माझ्याकडं बघितलं.
राहू दे म्हटलं.