अस्तर

नॉर्मन सग्डेनबद्दल चार शब्द बोल, म्हणाले.
मी बोलणारा नव्हे, उचलणारा.
सव्वीस वर्षं त्याचा हॅमंड ऑर्गन उचलला,
तेव्हा माझ्या कमरेला विचारा,
तिला तो पाठ आहे.

दोनशे किलो लाकूड, लोखंड आणि तारा.
ब्रॅडफर्डच्या एका जिन्यात अडकला एकदा,
धड वर नाही, धड खाली नाही.
नॉर्मन पायरीवर बसला, सँडविच उलगडलं,
म्हणाला, "घाई नको. त्यालाही दम लागलाय."

त्याची आई इथेच, लीड्सच्या कोटांच्या कारखान्यात
अस्तरं शिवायची.
रात्री बोटांना तेल चोळताना सांगायची,
अस्तर दिसलं की समजावं, शिवण चुकली.
पण ते नसेल, तर कोट खांद्यावर बसत नाही.
चॅपलमधला ऑर्गन शिकायच्याही आधी
नॉर्मन हे शिकला.

तीन तासांचे चौदा पौंड, रोख.
गाणं कुणाचं, विचारायचं नाही.
लाल दिवा लागायच्या आधी एकदा ऐकून घ्यायचा,
हात मांडीवर, डोळे मिटलेले,
आणि कुठे वाजवायचं नाही
ते आधी ठरवायचा.

एका गायकाचा आवाज तिसऱ्या कडव्यात फाटला.
काचेपलीकडे सगळे मान हलवू लागले, पुन्हा घ्या म्हणून.
नॉर्मनने खालून एक स्वर धरला,
वर चढलेल्या माणसाची शिडी धरावी तसा,
आणि तो गडी उतरला सुखरूप.
तोच टेक राहिला. लाखांनी खपला.
कव्हरवर गायकाने सगळ्यांचे आभार मानलेत,
स्वतःच्या कुत्र्याचेही.
नॉर्मनचं नाव नाही.
मी चिडलो, तर म्हणतो,
"कुत्रा चांगला होता रे."

पण स्टेजवर बघायला हवा होता तुम्ही!
बूट काढून, भोकाच्या मोज्यांनी पेडल तुडवणारा,
लेस्लीचं शिंग गरागरा फिरतंय,
पुढच्या रांगेतल्या पोरांच्या फासळ्या थरथरतायत,
आणि पोरं बघतायत गिटारवाल्याकडे.
योटेबोरीत ड्रमर कोसळला तापाने,
तर अकरा मिनिटं एकट्या डाव्या पायाने
ताल सांभाळला ह्याने.
त्याच्यावर दिवा नव्हता.
मी विंगेतून बॅटरी मारत होतो, तेवढाच उजेड.

मग एक पोरगा आला, काखेत प्लास्टिकचा कीबोर्ड,
म्हणाला, तुमचा अख्खा ऑर्गन ह्यात आहे, चौदा नंबरचं बटण.
नॉर्मनने दाबलं. ऐकलं. पुन्हा दाबलं.
"छान आहे," म्हणाला,
"पण हा उचलायला माणूस लागत नाही.
मग वाजवणाऱ्याने चहा कुणाबरोबर प्यायचा?"
सहा वर्षं फोन वाजला नाही त्यानंतर.
शाळेतल्या पोरांना पियानो शिकवला.
त्याबद्दल तो बोलत नाही, म्हणून मीही नाही.

परवा एनिडची औषधं घेऊन आम्ही सुपरमार्केटात,
तर छतातून तेच गाणं.
डबे रचणारा मुलगा गुणगुणत होता,
शब्द नव्हे,
मधले नॉर्मनचे आठ सूर.
नॉर्मन वाटाण्याचा डबा धरून उभा राहिला.
मी म्हटलं, सांग की त्याला.
तर म्हणाला, "नको. बिचकेल. सूर हलेल त्याचा."

आता बोटांची पेरं सुजलेली असतात सकाळी.
पेला दोन्ही हातांनी धरतो.
तरी आज आणलाय ऑर्गन, माझ्या नातवांनी उचलला,
कण्हले जरा, बरं वाटलं मला.

ठाऊक नसेल म्हणून सांगतो,
ह्याला दोन खटके असतात.
पहिला दाबून धरायचा, आठ मोजायचे,
मग दुसरा.
त्या आठात काही ऐकू येत नाही,
आत चाकं वेग धरत असतात फक्त.

नॉर्मन, बूट काढ.
मी पहिला खटका धरलाय.
तुम्ही मोजा.