खरीफ

सलालाच्या डोंगरावर पाऊस पडत नाही.
येऊन उभा राहतो.
जूनच्या शेवटी एका सकाळी तुफूल दार उघडते
तर अंगण नसतं,
बखीतमामाची गाडी नसते,
डोंगर तर नसतोच.
पांढऱ्यातून कुठूनतरी गाय हंबरते
तेवढीच दिशा.

आपला खरीप पेरावा लागतो.
इथला खरीफ नुसता येतो.

खाली मिरबाटला समुद्र गार पडलाय.
वारा किनाऱ्याला घासत जातो,
वरचं कोमट पाणी ओढून नेतो
आणि तळातलं वर येतं,
पोहऱ्यातून यावं तसं, थंड, काळसर.
त्यावरून आलेला ढग जड.
वर चढू म्हणतो, तर डोक्यावर
रुब अल खालीची तापलेली हवा,
पातेल्यावर झाकण.
उंची मिळाली नाही की ढगाचं धुकं होतं.
ना वीज, ना गडगडाट.

हाच वारा पुढे समुद्र ओलांडून
कुठल्याशा घाटावर आदळतो म्हणे,
पूल वाहून नेतो.
इथे तो उंटाच्या पापणीवर बसतो.

उंटांना ते मानवत नाही.
चिखलात पाय फाकतात, माश्या चावतात.
बखीतमामा त्यांना मैदानात उतरवतो.
त्याच रस्त्यानं वर येतात
दुबईच्या उन्हातून पळालेली माणसं,
काचा खाली करून
तोंडावर धुकं घेत.

तुफूलकडे दोन मोजपात्रं.
सरकारी उघड्यावर.
दुसरं तिचं, दूधपावडरीचा डबा,
उतारावरच्या शेवटच्या मोठ्या झाडाखाली,
जिथे पानं धुकं वेचतात
आणि जमलं की सोडतात. टप्. बऱ्याच वेळानं, टप्.

सरकारी भांड्यात दोन मिलिमीटर.
डब्यात दोन पेरं.

मस्कतहून फोन. आज पाऊस किती?
कोणता, ती विचारते,
पडलेला, की झाडानं पाडलेला?
पलीकडे कागद चाळल्याचा आवाज.
पडलेला.
ती दोन लिहिते.

समोरच्या उतारावरही झाडं होती.
धुकं अजून तिथे जातं,
सवयीनं,
धरायला काही नाही म्हणून पुढे सरकतं.

सप्टेंबरात झाकण उडतं, ऊन येतं,
डोंगर इतका हिरवा की लाज वाटावी.
बखीतमामा उंट वर आणतो.
पहिलाच मान लांबवतो, त्या झाडाकडे,
कोवळ्या शेंड्याकडे.
तुफूल काठी घेऊन आधीच उभी.
अरे, ती म्हणते,
पुढच्या वर्षीचा पाऊस खातोयस.

उंट तिच्याकडे बघतो.
चघळत राहतो.