पंचवीस, इप्पत्तैदु

उद्यमबागेत, फौंड्रीच्या मागच्या खोलीत
टेबल एक आणि यंत्रं पाच.
दोन लिनक्स. एक फ्रीबीएसडी, एक ओपनबीएसडी,
आणि खाली फरशीवर, कॉलेजच्या भंगारातून
सतराशे रुपयांना उचललेलं स्पार्क,
त्यावर नेटबीएसडी. त्याचा पंखा
चोर्ल्याच्या चढाला लागलेल्या ट्रकसारखा.

प्रोग्राम साधा. वजनकाट्याकडून आकडा घ्यायचा,
नोंदवायचा, पावती काढायची.
चार वर्षं लिनक्सवर बिनबोभाट चालला.
मग हुक्केरीहून शांतव्वा मठपतींचा फोन :
गूळ सोसायटीतल्या मशीनवर ओपनबीएसडी आहे,
पुतण्यानं घातलंय, तो आता हुबळीला. चालेल का?
चालेल की, म्हटलं मी.
किती स्वस्तात वापरत आले मी हा शब्द.

सगळी युनिक्सची भाऊबंद.
आणि भाऊबंद म्हटलं की बांध आलाच.
पहिल्याच ओळीत आम्ही बॅशच्या दारात गेलो,
तर तो तिथं राहतच नाही,
तो लोकलच्या गल्लीत, तेही कुणी बोलावलं असेल तर.
मेक म्हणाला, ही तुमच्याकडची बोली, मला येत नाही.
बारा रात्री गेल्या त्यात.

स्पार्कनं मात्र काहीच कुरकुर केली नाही.
गुमान बांधलं, गुमान चालवलं,
आणि पंचवीस किलोच्या कास्टिंगची पावती दिली :
सहा हजार चारशे.

तौफिक सनदी हसून हसून खुर्चीवरून उतरला.
"हे मोठ्ठं टोक आधी ठेवूलालंय, ताई."

मग आठवली रविवार पेठ.
मी पंचवीस म्हणते, पाच आधी, वीस मागून.
समोरचा इप्पत्तैदु म्हणतो, वीस आधी, पाच मागून.
नोटा त्याच.
चूक होत नाही, कारण पिशवी बांधायच्या आधी
दोघंही एकदा आकडा उलटून बोलून घेतात.
आमच्या कोडात तेवढंच नव्हतं.
तारेवर उतरताना विचारायचं राहून गेलं होतं :
तुमच्यात आधी कोण?

आज दहा वर्षांचा तक्ता करायला बसलोय.
तौफिकला दर्जे हवेत, पहिला, दुसरा, तिसरा.
मला प्रत्येक रकान्यासमोर माणसाचं नाव हवंय.
कारण मोडल्यावर दर्जा उठून येत नाही.
फ्रीबीएसडी : तौफिक, लग्न होईपर्यंत.
(हे त्यानंच लिहिलं, मग खोडलं, मग परत लिहिलं.)
ओपनबीएसडी : मी. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती,
म्हणजे दहा वर्षांत वीस वेळा
माझीच जुनी गृहीतकं मला पुन्हा भेटणार.
स्पार्क : रिकामं.

त्याला गिऱ्हाईक नाही. पॉवर सप्लाय जळला
तर दुसरा कुठून आणायचा ते ठाऊक नाही.
काढून टाकूया, तौफिक म्हणतो, वीजबिल बघ.
बघितलं.
पण या खोलीत मोठा आकडा आधी म्हणणारं
ते एकटंच आहे.
ते गेलं की आम्ही पाचजण एकमेकांना
पंचवीस पंचवीस म्हणत बसू
आणि बरोबरच आहोत असं वाटेल.

मी रकान्यात लिहिलं : पंखा फिरतोय तोवर.
ही योजना नव्हे, हे मलाही कळतं.

पावणेतीनला लाइट गेली. यूपीएस टुकटुक करायला लागला.
कुणाला आधी झोपवायचं, ते तक्त्यात नव्हतं.

सकाळी हुक्केरीचा फोन.
"इप्पत्तैदु बंतु, तंगी," शांतव्वा म्हणाल्या,
"पंचवीस आलं."
दोन्ही बोलून घेतलं त्यांनी. न सांगता.